वेग आणि पकड : वाळूजची दुचाकी आणि तिचा टायर

दुचाकीचा इतिहास लिहिताना इंजिनाचे घनमान, अश्वशक्ती आणि खपाचे आकडे आवर्जून नोंदले जातात. परंतु ही सारी शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचते ती टायरच्या तळहाताएवढ्या दोन पट्ट्यांतून, आणि त्या पट्ट्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, गेली चार दशके दुचाकी आणि तिचे सुटे भाग घडवत आले आहे. या चार दशकांकडे टायरच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : इंजिन दरवेळी आधी वाढले आणि टायर त्याच्या मागून, काहीसा उशिराने, त्याच्या तोलाचा झाला.

पुणे रस्त्यावरील वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने एम-८० आणि जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने तयार केलेली केबी-१०० ही मोटारसायकल बाजारात आणली. मोठ्या कारखान्याच्या आधाराने भोवती पुरवठादारांची वस्ती उभी राहिली. १९८५ मध्येच अॅल्युमिनियमचे भाग ओतण्याच्या दोन यंत्रांवर सुरू झालेला छोटा उद्योग पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या नावाने शॉक अॅब्सॉर्बर, पुढचे फोर्क, डिस्क ब्रेक आणि क्लच यांचा देशातील एक प्रमुख उत्पादक बनला. व्हॅरॉकसारखे समूहही याच मातीत वाढले. चाकाच्या वरचे जवळजवळ सारे काही वाळूज परिसरात घडू लागले, हे या इतिहासाचे पहिले वैशिष्ट्य आहे.

त्या काळातील शंभर सीसीच्या मोटारसायकलींचे टायर अरुंद आणि चाके मोठी असत. माप इंचांत सांगितले जाई : २.७५-१८ याचा अर्थ पावणेतीन इंच रुंदीचा, अठरा इंची रिमवर बसणारा टायर. आत ट्यूब असे आणि टायरचा सांगाडा एकमेकांना तिरपे छेदणाऱ्या नायलॉनच्या धाग्यांच्या थरांचा असे. म्हणून बाजारात त्याला आजही ‘नायलॉन टायर’ म्हणतात. अशी गाडी मुख्यतः पेट्रोल वाचवण्यासाठी घेतली जाई, तिचा वेग मर्यादित होता आणि ग्राहकाची टायरकडून एकच अपेक्षा होती, ती म्हणजे तो लवकर झिजू नये. टिकाऊपणासाठी रबर कठीण ठेवावे लागते आणि कठीण रबराची पकड कमी असते. परंतु दहा-अकरा अश्वशक्तीच्या गाडीला ही तडजोड परवडत होती. १९९१ ची फोर-एस चॅम्पियन आणि जून १९९८ मध्ये वाळूजमधून बाहेर पडलेली कॅलिबर या चार-स्ट्रोक गाड्यांनीही हा हिशेब मुळातून बदलला नाही.

तो बदलला नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पल्सरने. ही गाडी प्रामुख्याने पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्याशी जोडली गेली असली, तरी तिने वाळूजच्या पुरवठादारांपुढे आणि मराठवाड्यातील तरुण ग्राहकांपुढे नवी मागणी ठेवली. पहिल्या पल्सर १५० चा पुढचा टायर जुन्याच २.७५-१८ मापाचा होता, मागचा मात्र १००/९०-१८ असा नव्या पद्धतीने मोजलेला होता. या पद्धतीत पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा आकडा उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि तिसरा रिमचा इंचांतील व्यास दाखवतो. एकाच गाडीवर दोन मोजमापांचे टायर असणे ही संक्रमणकाळाची उत्तम खूण आहे. पुढील काही वर्षांत चाके सतरा इंचांवर आली, तारांच्या जागी अलॉय रिम आल्या, आणि २००७ च्या पल्सर २०० व २२० बरोबर ट्यूबलेस टायर सर्वसामान्य ग्राहकाच्या परिचयाचे झाले. ट्यूबलेस टायरची हवा खिळा लागल्यावर एकदम न जाता हळूहळू जाते. वेगात धावणाऱ्या दुचाकीच्या दृष्टीने ही सुधारणा वाढलेल्या अश्वशक्तीपेक्षा अधिक मोलाची होती असे म्हणता येते, कारण पुढची ट्यूब अचानक फुटली तर चालकाच्या कौशल्याला फारसा वाव राहत नाही.

खरी झेप आली ती ऑस्ट्रियाच्या केटीएममुळे. बजाजने २००७ मध्ये या कंपनीत भागीदारी घेतली, २०१२ च्या आरंभी ड्यूक २०० आणि २०१३ मध्ये ड्यूक ३९० भारतात विक्रीस आली. ३७३ सीसीच्या या दुसऱ्या गाडीची शक्ती त्रेचाळीस अश्वशक्तीच्या घरात होती आणि ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाण्याची तिची क्षमता होती. येथे टायरच्या बाजूवरील वेगाचे अक्षर निर्णायक ठरते. पी अक्षराचा टायर ताशी १५० किलोमीटरपर्यंत, एस १८० पर्यंत, एच २१० पर्यंत आणि व्ही २४० पर्यंतच्या वेगासाठी तपासलेला असतो. त्याआधीचा अंक, म्हणजे भारांक, टायर किती वजन पेलू शकतो हे सांगतो. पी अक्षराचा टायर पल्सरला पुरेसा होता, ड्यूक ३९० ला तो चालणार नव्हता. म्हणून तिच्यावर मेट्झेलर कंपनीचे स्पोर्टेक एम-५ हे रेडियल टायर पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० या मापांत बसवण्यात आले.

रेडियल टायरमध्ये सांगाड्याचे धागे तिरपे न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर पट्ट्यांचा एक वेढा असतो. त्यामुळे बाजू लवचिक राहून माथा स्थिर राहतो, वेगात टायर फुगत नाही आणि कमी तापतो. मोटारींसाठी हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आले. मोटारसायकलीला मात्र १९८० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली, कारण दुचाकी वळणावर कलते आणि तिच्या टायरचा छेद गोलाकार असावा लागतो. क्रीडा-प्रकारच्या उंची टायरांमध्ये याच गरजेतून मध्यभागी कठीण व कडांना मऊ रबर वापरण्याची पद्धत आली : सरळ रस्त्यावर झीज कमी आणि वळणावर पकड अधिक.

या कथेतील सर्वांत विचार करायला लावणारी बाब वाळूजच्या नकाशावरच आहे. १९९० च्या दशकात सिएट आणि गुडइयर यांनी मिळून साउथ एशिया टायर्स या नावाने येथे टायरचा कारखाना उभारला. पुढे तो पूर्णपणे गुडइयरकडे गेला. तेथे तयार होतात ते मोटारगाड्यांचे रेडियल टायर. मोटारसायकल, तिचे फोर्क, तिचे ब्रेक आणि टायर, सारे एकाच औद्योगिक वसाहतीत असूनही या कारखान्यातून मोटारसायकलीचा टायर मात्र बाहेर पडत नाही. ही उणीव केवळ व्यापारी नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली; आणि कोणतीही ब्रेकयंत्रणा टायरच्या पकडीपेक्षा अधिक जोराने गाडी थांबवू शकत नाही. फोर्क, ब्रेक आणि टायर हे एकत्र बसून तपासायचे भाग आहेत, आणि त्यासाठी या शहराइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

येथील रस्तेही टायरची परीक्षा पाहतात. मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा कमी हवेचा टायर अधिक वाकतो आणि आतून तापतो. दख्खनच्या बेसाल्टची खडी वाहतुकीने घासून गुळगुळीत होते. पहिल्या पावसात शेतातून चाकांबरोबर आलेली काळी माती आणि सांडलेले तेल मिळून तिच्यावर निसरडा थर धरतात. कन्नड-चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटात अशा दिवशी कठीण रबराचा टायर आणि रुंद खाचांचा, मऊ रबराचा टायर यांतील फरक पुस्तकात वाचावा लागत नाही. शहराजवळून जाणारा समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद असल्याने जिल्ह्यातील वेगवान मोटारसायकल याच जुन्या, मिश्र रस्त्यांवर धावते. त्यामुळे शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेला, तापल्याशिवाय पकड न देणारा टायर येथे निरुपयोगी आहे, आणि खाचा असलेला, ओल्या रस्त्याचा विचार करून घडवलेला क्रीडा-टायर अधिक योग्य आहे.

तरीही गेल्या दोन दशकांत रूढ झालेली प्रथा वेगळीच आहे. गाडी भारदस्त दिसावी म्हणून मागे एक-दोन मापे रुंद टायर चढवला जातो. मूळच्या अरुंद रिमवर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथ्याचा गोलावा बिघडतो, गाडी वळायला जड होते आणि काही वेळा टायर साखळीच्या आवरणाला घासतो. पुढे नायलॉन आणि मागे रेडियल अशी मनाने केलेली जोडीही तितकीच घातक आहे. ती निर्मात्याने स्वतः ठरवून दिलेली असेल तरच स्वीकारावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल असणे आवश्यक आहे, पण वेगवान गाडीचा टायर गोटा होण्याच्या बराच आधी बदलणे शहाणपणाचे. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नये. माप निर्मात्याचे, वेगाचे अक्षर आणि भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसलेले, आणि रबर आपल्या रस्त्याला मानवणारे, या क्रमाने निवड व्हावी.

या इतिहासाची साधने मात्र वेगाने नाहीशी होत आहेत. जुन्या गाड्यांच्या माहितीपुस्तिका, टायर विक्रेत्यांची दरपत्रके, मापांचे तक्ते आणि पुरवठादारांची रेखाचित्रे रद्दीत जात आहेत. वाळूजमधील उद्योगसंस्थांनी आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ती गोळा करून जपावीत, आणि ज्यांच्या घरी अशी कागदपत्रे असतील त्यांनी ती त्यांच्या हवाली करावीत.