पुणेरी पलटण : नावातले गाव आणि मैदानातले गाव

व्यावसायिक संघाचा इतिहास लिहायचा म्हटले की जय-पराजयांचा तक्ता प्रथम पुढे येतो. 'पुणेरी पलटण' या कबड्डी संघाचा तक्ता थोडक्यात असा : 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांपैकी हा एक. पहिल्या मोसमात शेवटचा क्रमांक. 2016 मधल्या दोन्ही मोसमांत उपांत्य फेरी. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूरकडून 29-33 अशी अंतिम फेरीतली हार. आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाला 28-25 असे नमवून पहिले विजेतेपद. परंतु या संघात 'पुणेरी' ते नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर तक्ता देत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. कारण तो मुळात नावाचा आणि आशयाचा प्रश्न आहे.

'पुणेरी' हे विशेषण मराठीत स्थळापेक्षा स्वभाव अधिक सांगते. पगडी, जोडा आणि पाट्या यांच्या सोबतीने ते आपल्या कानांवर पडत आले आहे. 'पलटण' हा शब्द मात्र युरोपीय कवायती फौजांबरोबर आला आणि पुढे घरातल्या पोरांच्या घोळक्यालाही लागू झाला. पलटणीतला शिपाई कोणत्याही मुलखाचा असतो. निशाण तेवढे एक असते. म्हणजे संघाच्या नावातला पहिला शब्द आपलेपणाचा दावा करतो, तर दुसरा भरतीचे वास्तव सांगतो. आमच्या मते संघाचा सारा इतिहास या दोन शब्दांमधल्या ताणाचा आहे.

लीगपूर्वीच्या महाराष्ट्रात कबड्डीचा संघ म्हणजे गावाचे वा गल्लीचे मंडळ. तिथून निघालेल्या गुणी खेळाडूचे स्वप्न रेल्वेतल्या, पोलिसांतल्या किंवा बँकेतल्या नोकरीचे असे. आपल्याकडे हुतुतू या नावाने रुजलेला हा खेळ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगापुढे मांडला, आणि 1990 पासून तो आशियाई क्रीडा स्पर्धांत पदकासाठी खेळला जाऊ लागला. लीगने त्याला लाल मातीवरून मॅटवर, दिव्यांच्या झोतात आणि लिलावाच्या पटावर नेले. चढाईपटूला दम आजही घ्यावा लागतो. पण त्याच्या चढाईचे माप आता 30 सेकंदांचे घड्याळ ठरवते.

पलटणीचे वेगळेपण या नव्या व्यवस्थेत दिसते. केवळ नावाजलेले खेळाडू विकत घेण्यावर विसंबून न राहता तिने नवोदितांना वाढवले. 2021-22 च्या मोसमात तिने अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या तरुणांना उतरवले. पैकी अस्लम तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. पुढे आमच्या नाशिकचा आकाश शिंदेही तिच्याकडून चढाया करू लागला. 2023-24 च्या मोसमात प्रशिक्षक बी. सी. रमेश आणि कर्णधार अस्लम यांच्या या संघाने साखळीतल्या 22 सामन्यांपैकी 17 जिंकले, केवळ 2 गमावले.

त्या मोसमाआधीचा एक योगायोग येथे नोंदवला पाहिजे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. अस्लम आणि आकाश भारताच्या संघात होते, तर मोहम्मदरेझा शादलू इराणच्या. त्याच महिन्यातल्या लिलावात पलटणीने शादलूला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतले, आणि परवाचा प्रतिस्पर्धी त्यांचा सोबती झाला. पुण्याचे पहिले विजेतेपद असे नगर, नाशिक, हरियाणा आणि इराण यांनी मिळून घडवले.

मग मोड सुरू झाली. पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला. 29 डिसेंबर 2024 रोजी अंतिम सामना झाला तो पुण्यातच, बालेवाडीला. हरियाणाने तो जिंकला, आणि पलटण त्या सामन्यात नव्हतीच. 2025 मध्ये आकाश बेंगळुरूच्या संघाकडून खेळला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात पलटण दिल्लीकडून 28-31 अशी हरली.

या विखुरण्याविषयी केवळ हळहळणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. लिलावाने खेळाडूच्या घामाला दाम मिळवून दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण करार संघाशी होतो, आणि खेळाडू घडतो तो ज्या मैदानावर त्याने पहिला दम घेतला त्या मैदानावर. त्या मंडळांची नावे विजेत्यांच्या तक्त्यात येत नाहीत. पलटणीचा पुढचा इतिहासकार लिलावाच्या यादीपाशी न थांबता त्या मैदानांपर्यंत गेला, तरच 'पुणेरी' या शब्दाचा खरा विस्तार त्याला सापडेल. आणि त्या विस्तारात नाशिकही असेल.