दारूतली गोडी : मध, गूळ आणि आपला ऊस



घोडेगाववरून शिंगणापूरकडं वळलं की रस्त्याला रसवंत्याच रसवंत्या. तिथला सकाळचा रस संध्याकाळपर्यंत ठेवून बघा, जिभेला चुरचुरतो. कुणी काही टाकलेलं नसतं. उसाच्या सालीवर यीस्ट असतंच. ते साखर खातं, तिचा गॅस आणि अल्कोहोल करतं. माणसाला दारू अशीच आयती सापडली असणार, असं आपलं माझं मत.

मधाचं मात्र वेगळं. मधात 80 टक्क्यांच्या आसपास साखर आणि पाणी फार कमी, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पाणी घातलं की मग तोही फसफसतो. संस्कृतात ‘मधु’ म्हणजे मध आणि मद्यसुद्धा. साहेबाची ‘मीड’ त्याच शब्दाच्या कुळातली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूचं खातं सांभाळणारा सुराध्यक्ष आहे, आणि कृती मापासकट दिल्यात. आसवाला कवठ 100 पळं, फाणित 500 पळं आणि मध 1 प्रस्थ. फाणित म्हणजे आपली काकवी धरा. मैरेय करायचं तर मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात गूळ आणि वरून पिंपळी-मिरी. उत्सव-यात्रेला 4 दिवस दारू करायची मोकळीकही त्यात आहे. म्हणजे परवान्याची भानगड इंग्रजांनी आणली असं नाही.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं दारूत गूळ टाकतात तो गोडीसाठी. तसं नसतं. आधी टाकलेली साखर यीस्ट खाऊन टाकतं. लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर म्हणजे 1 टक्का अल्कोहोल. दारू कडक होते, गोड नाही. हातभट्टीत तर पुढं वाफ धरतात, आणि वाफेबरोबर साखर येतच नाही. गोडी हवी तर शेवटी घालावी लागते. पण यीस्ट जिवंत असलं आणि बूच घट्ट लावलं, तर बाटली फुटते. मध घाला नाहीतर साखर, यीस्टला दोन्ही सारखंच.

इंग्रजांना हे पक्कं ठाऊक होतं. नुसती दारू धरून भागत नाही, गोडीचा मालच धरायला पाहिजे. 1878 चा अबकारी कायदा आला. मग 1892 साली ठाणे-कुलाब्यासाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा. ज्या फुलावर आदिवासी घरं उन्हाळा काढायची, ते घरात ठेवायलाही बंधन! पुढं स्वराज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलं आणि मळी आहेतच, वर ‘सडका गूळ’ हा खास शब्द. आपल्या गुऱ्हाळाचा माल थेट कायद्यात जाऊन बसला.

1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याचा ऊस गुऱ्हाळाकडून कारखान्याकडं वळला. साखर पोत्यात गेली, मळी डिस्टिलरीत. आता पुण्याकडं परवाना घेऊन मधाची मीडही करतात, चांगल्या भावानं विकतात. आपण घरी विनापरवाना केली तर गुन्हा. हे मला खटकतं, पण चोरट्या धंद्याची बाजू मी घेणार नाही. 2015 ला मालवणीत शंभराच्या वर माणसं गेली, 2017 ला आपल्याच पांगरमलला घरं उजाड झाली. तसलं विष गुळानं होत नाही. स्वस्तात कडक करायला कारखान्यातलं मिथेनॉल मिसळतात, त्यानं माणूस आंधळा होतो नाहीतर मरतो. वासावरून, चवीवरून ते ओळखू येत नाही.

राहिली कौटिल्याची आसवं. ती गेलेली नाहीत, औषधाच्या दुकानात आहेत. काढा, गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं, महिनाभर तोंड बंद करून ठेवायचं. ज्यांच्या घरात दारूचं नावही काढत नाहीत, त्यांच्याही फडताळात अशोकारिष्टाची बाटली असते. तिच्या लेबलावर अल्कोहोलचा टक्का छापलेला असतो, वाचून बघा.