लान्सेरो: हवानाच्या सडपातळ सिगारची घडण

क्यूबाची राजधानी हवाना येथील एल लागीतो या कारखान्यात १९६० च्या दशकात आकाराला आलेल्या लान्सेरो या हातवळणीच्या सिगारची लांबी १९२ मिलिमीटर, तर व्यास जेमतेम १५ मिलिमीटर असतो. प्रारंभी फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी वळला जाणारा आणि परदेशी पाहुण्यांना राजनैतिक भेट म्हणून दिला जाणारा हा प्रकार कोहिबा या नाममुद्रेखाली १९८२ मध्ये खुल्या बाजारात आला. तो वळणाऱ्या सुरुवातीच्या कारागिरांत स्त्रियांचा भरणा होता.

सिगारमध्ये आतले भरण, ते आवळून धरणारे बांधणीचे पान आणि बाहेरचे तलम वेष्टन असे तीन भाग असतात. भरणातील व्होलादो, म्हणजे रोपाच्या तळाकडील पान, जळण नीट चालू ठेवते. मधले सेको सुगंध देते, तर शेंड्याकडील, अधिक ऊन खाल्लेले लिगेरो कडकपणा आणते. बारीक अंगात भरणाला जागा कमी असल्याने पाने किंचित जास्त आवळली गेली तरी धूर अडतो. म्हणून चावेता या अर्धगोल पात्याने वेष्टन कापणाऱ्या आणि टोकाला पिळाची छोटी शेपटी काढणाऱ्या हातांची येथे खरी कसोटी लागते.

व्यास कमी झाला की भरणाच्या तुलनेत वेष्टनाचा वाटा वाढतो, आणि त्यामुळे त्याचा स्वाद अधिक ठळक होतो. झुरके घाईने घेतल्यास हा सिगार तापून कडवट होत असल्याने, धूर छातीत न ओढता तोंडात घोळवत तो सावकाश ओढण्याची रीत जाणकारांत रूढ झाली.