डायासिया

डायासिया : (कुल – स्क्रोफ्युलॅरिएसी). दक्षिण आफ्रिका व लेसोथो येथील नाजूक फुलझाडांची प्रजाती. सुमारे ७० जाती. वर्षायू जाती मुख्यतः पश्चिम केपच्या हिवाळी पावसाच्या पट्ट्यात, तर बहुवर्षायू जाती ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या ओलसर गवताळ उतारांवर आढळतात. या कुलाची २००१ च्या सुमारास जनुकीय अभ्यासावरून फेरमांडणी झाली. नीरब्राह्मी, स्नॅपड्रॅगन, डिजिटॅलिस ही मंडळी त्यातून निघून इसबगोलाच्या कुलात गेली. डायासिया मात्र मूळ घरातच राहिली. जुनी पुस्तके वापरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

ओळख : बागेतल्या जाती साधारण २०–४० सेंमी. उंच, काहीशा पसरट असतात. खोड बारीक व चौकोनी, पाने समोरासमोर व दातेरी. फुलोरा शेंड्याकडे येतो. फुले बहुधा गुलाबी किंवा शेंदरी गुलाबी. पाकळ्यांचे पाच खंड, खालचा सर्वांत रुंद. फुलाच्या तोंडाशी बहुधा पिवळसर, अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. पण खरी खूण मागच्या बाजूला आहे. तेरड्याच्या फुलामागे जशी एक वाकडी शेपटी असते, तशा इथे दोन असतात. काही जातींत त्यांच्या जागी नुसते दोन खोलगट फुगवटे असतात. जवळच्या नेमेसियाला एकच शेपटी किंवा पिशवी असते, अलोन्सोआला शेपटीच नसते. तेव्हा रोपवाटिकेतल्या पाटीवर विसंबू नये, फूल उलटे करून पाहावे.

या दोन पोकळ नळ्यांत मध नसतो. आतल्या सूक्ष्म ग्रंथींतून तेल पाझरते आणि ते घेण्यासाठी रेडिविवा प्रजातीच्या मधमाश्यांच्या माद्या येतात. त्या पुढचे दोन्ही पाय एकेका नळीत घालून पायांवरच्या केसांनी तेल पुसून घेतात व ते परागात मिसळून अळ्यांना भरवतात. नळी जितकी लांब, तितके तिथल्या माशीचे पाय लांब. डायासिया लाँगिकॉर्निस या जातीची नळी सुमारे २५ मिमी. भरते, तिच्याकडे येणाऱ्या माशीचे पुढचे पाय तिच्या शरीराहून लांब असतात. श्टेफान फोगेल यांनी १९८४ मध्ये या जोडीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

इतिहास : पूर्व केपमधील स्वशिक्षित निसर्ग-अभ्यासक मेरी बार्बर यांच्या सन्मानार्थ जोसेफ हुकर यांनी १८७१ मध्ये एका जातीला डायासिया बार्बरी हे नाव दिले. पुढे बागांत ही प्रजाती शतकभर जवळजवळ दुर्लक्षितच होती. हिलियर्ड व बर्ट यांनी १९८४ मध्ये बहुवर्षायू जातींची नीट छाननी केली. इंग्लंडमध्ये हेक्टर हॅरिसन यांनी संकर करून नवे रंग आणले. आज कुंडीत दिसतात ते बहुतेक संकरच.

लागवड : बी फार बारीक असते. ते मातीत पुरू नये. ओलसर मिश्रणावर भुरभुरून वर नावापुरती वाळू टाकावी. १५–२० से. तापमानात साधारण दोन आठवड्यांत उगवते. पुणे-नाशिककडे ऑक्टोबरमध्ये पेरून हिवाळी हंगामी फूल म्हणून लावावे. कोकण-गोव्याच्या दमट उष्म्यात हौस भागत नाही. माती, कोकोपीट, वाळू व थोडे कुजलेले शेणखत असे पाणी न तुंबणारे मिश्रण घ्यावे. रोप बोटभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. पहिला बहर ओसरल्यावर निम्म्यापर्यंत छाटल्यास पुन्हा फुलते. उन्हाळा लागला की फुले थांबतात.

बी धरण्याच्या भरवशावर राहू नये. बहुतेक बहुवर्षायू जातींना स्वतःचा पराग चालत नाही, तेल वेचणारी ती माशीही इथे नाही आणि संकराचे बी आईसारखे निपजत नाही. त्यापेक्षा फूल न आलेल्या फांदीची ५–७ सेंमी. छाट कलमे लावावीत. ती लवकर मुळे धरतात. मावा व गोगलगायी कोवळ्या शेंड्यांवर येतात, म्हणून टांगती कुंडी बरी.