अशील कोण?

वकिलाकडे जाणारा तो अशील, डॉक्टरकडे जाणारा तो रोगी, दुकानात जाणारा तो गिऱ्हाईक आणि सरकारी कचेरीत खेटे घालणारा तो अर्जदार. या सर्वांत अशील हा शब्द मला अधिक मानाचा वाटतो. तो अरबीतून आपल्याकडे आला व त्याच्या पोटात ‘मूळ’ हा अर्थ आहे. खटल्याचा मूळ धनी अशील. वकील हा त्याने नेमलेला मुखत्यार. वकील कितीही विद्वान असला तरी तडजोड करावयाची की लढावयाचे, हे शेवटी अशिलानेच ठरवावयाचे असते. मनाच्या व्यथेने गांजलेला मनुष्य साहाय्यासाठी दुसऱ्यापुढे जाऊन बसतो, तेव्हा त्याला यांपैकी कोणत्या नावाने ओळखावयाचे? हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नव्हे, आणि त्याचा इतिहास शोधण्यास मुंबई, ठाणे व खाडीपलीकडची नवी मुंबई हा टापू पुरेसा आहे.

आरंभी त्याला नावच नव्हते. ‘वेडा’ एवढे विशेषण होते. १८५८ चा कायदा झाला तो वेड्यांना ठेवावयाच्या जागांविषयी. ठाण्याचे इस्पितळ १९०१ सालचे; नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्यास दिले आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आपल्या घरोघरची थट्टा त्याच इस्पितळावरून निघाली, आणि तिच्यातले क्रियापद ऐकण्यासारखे आहे. मनुष्य ठाण्याला जात नसे, त्याला पाठवीत. १९१२ च्या कायद्याने हे पाठविणे रीतसर केले. नातेवाइकाने अर्ज करावा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यावे, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा. या सर्व खटाटोपात ज्याच्याविषयी हुकूम निघावयाचा त्याला काय हवे आहे, हे विचारण्याचे कलम प्रमुख नव्हते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, स्वतः होऊन उपचार घेऊ इच्छिणाऱ्यास, दोन निरीक्षकांच्या संमतीने, इस्पितळात राहण्याची मुभा त्याच कायद्यात होती. खिडकी होती, पण फार अरुंद.

दार उघडले ते निराळ्याच बाजूने, नागपाड्याच्या वस्तीतून. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९२६ साली तेथे नेबरहूड हाऊस काढले. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय मुंबईत निघाले, त्याचे पहिले संचालक हेच मॅनशार्ट. पुढच्याच वर्षी या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. मग १९३८ साली डॉ. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. आज हे सहज वाचून जातो. परंतु त्या काळी यात केवढे धाडस होते! मनाच्या दुखण्यासाठी मनुष्याने आपल्या पायांनी दवाखान्यात यावे, बोलावे, आणि संध्याकाळी आपल्या घरी परत जावे! हुकूम नाही, कुलूप नाही.

बालमार्गदर्शनाची कल्पना परदेशातली होती. मूल अभ्यासात मागे पडते, चोरी करते, अंथरुण ओले करते, तेव्हा केवळ मुलाकडे न पाहता त्याच्या घराकडे, शाळेकडे, आईबापांच्या संबंधांकडे पाहावे, आणि वैद्य, मानसशास्त्रज्ञ व समाजसेवक यांनी मिळून विचार करावा, अशी ती पद्धत. येथे आपला प्रश्न एकदम अवघड होतो. मुलाला हाताला धरून आणणारी आई अशील की मूल? तक्रार आईची, दुखणे कदाचित घराचे.

नेमका हाच पेच अमेरिकेत रॉचेस्टर गावी एका तरुण मानसशास्त्रज्ञास पडला होता. कार्ल रॉजर्स १९२८ पासून तेथे अशाच कामावर होते. एक बाई आपल्या हूड मुलासाठी येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला लहानपणी दूर लोटण्यात आहे, असे रॉजर्स यांचे निदान होते, आणि ते बाईंच्या गळी उतरविण्याचा त्यांनी पुष्कळ दिवस यत्न केला. सर्व व्यर्थ! शेवटी दोघांनीही हार मानली. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मोठ्या माणसांना कधी सल्ला देता का? मग त्या पुन्हा बसल्या, आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी बिनसलेल्या संबंधांची कहाणी सांगू लागल्या. ती निदानाच्या टिपणापेक्षा फार निराळी होती. कोठे दुखते हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, वाटही त्यालाच सापडते, हे आपण तेथे शिकलो, असे रॉजर्स यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी ‘रोगी’ टाकून ‘क्लायंट’ हा शब्द घेतला. समाजसेवकांत तो आधीपासून होताच. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीसच त्याचे नाव दिले.

इकडे १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. मनोरुग्णालयांची पाहणी मूर टेलर यांनी केली होती, आणि बहुतेक इस्पितळे बरे करण्यासाठी नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. चाळीस कोटींच्या अखंड हिंदुस्थानात अशा खाटा दहा हजारांच्या आसपास होत्या. टाटा विद्यालयाने १९४४ मध्ये आजचे नाव घेतले होते. १९५४ साली ते देवनारला गेले, आणि रुग्णालयांतून काम करणारे समाजसेवक तेथे तयार होऊ लागले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला मनुष्य समुपदेशकापुढे बसतो तो ‘तुम्हीच काय ते सांगा’ असे म्हणत. गुरूने उपदेश करावा, वडीलधाऱ्यांनी निर्णय द्यावा, ही आपली रीत. त्याला नुसते ऐकून घेणारा माणूस भेटला तर फी देऊन आपण फसलो, असेच वाटावयाचे. शिवाय आपल्याकडे एकटा माणूस येतो कोठे? बरोबर मामा असतो, सासू असते, आणि उत्तरे तीच देतात. देवनारच्या डॉ. गौरीराणी बॅनर्जी यांनी समाजकार्याची तत्त्वे भारतीय चिंतनाशी जुळवून पाहिली ती याच गरजेपोटी. माझे मत असे की, आक्षेप खरा असला तरी तो ऐकण्याच्या बाजूनेच जातो. ज्या सुनेचे उत्तर घरात नेहमी सासू देते, तिला ती एक खोली तरी अशी हवी की जेथे तिचेच उत्तर उत्तर मानले जाईल. उपदेश करणारे तिला पुष्कळ आहेत.

खाडीपलीकडे ही गरज अधिकच तीव्र झाली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. ज्यांची शेते व मिठागरे गेली त्यांना विचारले किती आणि सांगितले किती, याचा हिशेब जासईच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जणांच्या प्राणांनी चुकविला गेला. नवे रहिवासी आले ते चाळी, वाडे, गावे सोडून. सेक्टर, गल्ली, मजला सर्व आखलेले होते. ओटीवर बसून मन मोकळे करावे अशी मावशी तेवढी नकाशात नव्हती. ठाण्यास १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्यविषयक संस्था निघाली, आणि देवनारहून २०१२ पासून ‘आयकॉल’ची दूरध्वनीसेवा चालू झाली. नाव न सांगता बोलता येते, हे तिचे मोठेच वैशिष्ट्य. जो आपले नाव सांगत नाही त्याला कोणी परस्पर ‘पाठवू’ही शकत नाही!

कायद्याने हे मानण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बेड्या व साखळदंड निषिद्ध केले. स्वतः होऊन इस्पितळात येणे ही मुख्य वाट ठरली; दुसऱ्याच्या अर्जावरून दाखल करणे हा अपवाद झाला, तोही मुदतीचा आणि तपासणीचा. शिवाय कोणाही प्रौढ मनुष्यास, मन स्वस्थ असतानाच, पुढे कधी आजार आला तर आपल्यावर कोणते उपचार करावे, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे लिहून ठेवता येते. तो कागद म्हणजे वकीलपत्रच होय; आणि त्याच्या खाली सही असते ती अशिलाची.