हरवलेल्या माणसाचे निवृत्तिवेतन

मी शाळेत असताना आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा सकाळी घरातून गेले, ते परतलेच नाहीत. सरकारी नोकर होते. चाची कचेरीत गेल्या की उत्तर ठरलेले : "मृत्यूचा दाखला आणा." मयतच नाही तर दाखला कुठला? आणि दाखला मागायचा, म्हणजे नवरा मेला असे आपल्याच तोंडाने म्हणायचे!

हा पेच जुना आहे. सात वर्षे पत्ता नसलेल्याला मृत समजावे, असा कायदा इंग्लंडने जमिनीच्या हक्कापुरता १६६६ साली केला. तो जिवंत परतला तर मधले उत्पन्न त्याला परत करावे, हेही त्यात होते. सात वर्षांची हीच मुदत १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १०८ म्हणून आली. हनफी फिक्हप्रमाणे हरवलेल्याच्या जन्मापासून नव्वद वर्षे वाट पाहायची. पण हा प्रश्न पुराव्याचा आहे, म्हणून मुसलमानांनाही सात वर्षेच लागू, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८४ साली ठरवले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ही मुदत कायम ठेवली आहे.

पण चूल सात वर्षे थांबत नाही. केंद्र सरकारला हे १९८६ साली उमगले. पोलिसांत तक्रार नोंदवून एक वर्ष झाले की कुटुंबनिवृत्तिवेतन द्यावे, असा आदेश निघाला. पुढे वर्षाचे सहा महिने झाले. माणूस परत आला तर हिशेब चुकता करू, असे हमीपत्र मात्र द्यावे लागते.

आणि तो मृतच सापडला तर? सात वर्षांनी कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नव्हे. ती पुराव्यानेच सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका विम्याच्या खटल्यात सांगितले. पेन्शनीत सारे त्या तारखेवरच अडते. निवृत्ताचे वेतन मृत्यूच्या दिवसापर्यंत, कुटुंबाचे दुसऱ्या दिवसापासून. कुटुंबाची रक्कम बहुधा कमी असते. त्यामुळे मृताच्या खात्यावर जादा जमा झालेले पैसे परत मागितले जातात. वाट पाहणाऱ्या बाईच्या नावावर अशी थकबाकी निघते.

७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला गेलेले हवाईदलाचे विमान १०२ जणांसह रोहतांगजवळ नाहीसे झाले. अवशेष २००३ साली दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, बर्फातून आणखी चार देह मिळाले. इतक्या वर्षांनी घरच्यांना माती द्यायला, अग्नी द्यायला काहीतरी हाती आले.

चाचींना तेवढेही मिळाले नाही. १९८६ चा आदेश निघाला तेव्हा त्या हयात नव्हत्या.