ऐंशी रुपयांचे पापड

परवा शनिवारी कोपर स्टेशनबाहेर एका किराणा दुकानात उभा होतो. समोर उडदाच्या पापडांची दोन पाकिटं. एक लिज्जतचं, दुसरं कुठल्याशा कंपनीचं, चार रुपयांनी स्वस्त. हात सवयीने स्वस्ताकडे गेला आणि एकदम आई आठवली.

आम्ही लहान असताना आई एका व्यापाऱ्यासाठी पापड लाटायची. पीठ त्याचं, पोळपाट-लाटणं आणि दुखणारे खांदे आईचे. मजुरी किलोवर. माल घेताना तो हमखास म्हणायचा, "बाई, हे जाड झालेत," आणि पैसे कापायचा. कापलेले पापड मात्र कधी परत दिले नाहीत! आई गप्प बसायची. तिच्या जागी दुसरी बाई त्याला लगेच मिळाली असती.

आता थोडा इतिहास. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटले. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. वर्षभराची विक्री ६,१९६ रुपये. मार्गदर्शक होते छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा. हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही काढावा असा विचार निघाला, तेव्हा एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा, असं त्यांनी बजावलं. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

गंमत अशी की मजुरी तिथेही किलोवरच. सकाळी पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून परत आणायचं. पापड तिथेही तपासले जातात. मग फरक काय? फरक मालकीचा. लाटणारी बाई तिथे सभासद असते, तपासणारीही सभासदांतलीच, आणि नफा-तोटा सगळ्यांत वाटला जातो. आईच्या कापलेल्या पैशांचा हिशेब विचारायला जागाच नव्हती. इथे ती आहे.

ज्याला जग 'फेअर ट्रेड' म्हणतं, त्याचा पहिला शिक्का नेदरलँड्समध्ये १९८८ साली मेक्सिकोच्या कॉफीवर लागला. नाव 'मॅक्स हावेलार'. जावातल्या शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवरच्या १८६० सालच्या डच कादंबरीवरून हे नाव घेतलं. बाजार कोसळला तरी ठरलेल्या किमतीखाली खरेदी करायची नाही, शिवाय थोडी जादा रक्कम द्यायची, आणि ती कशावर खर्चायची हे शेतकऱ्यांच्या संस्थेने ठरवायचं, असा त्याचा नियम. म्हणजे गिरगावची गच्ची त्याच्या २९ वर्षं आधीची!

अर्थात दोन्ही गोष्टी एक नव्हेत. लिज्जतच्या रचनेत हक्क मिळतो तो लाटणारीला. उडीद पिकवणारा शेतकरी या हिशेबात सभासद नाही. त्याच्या भावाचा प्रश्न त्या पाकिटाने सुटत नाही. फेअर ट्रेडचा शिक्का मुळात त्याच्यासाठीच निघाला. म्हणून वस्तू घेताना 'महाग की स्वस्त' याबरोबर अजून एक प्रश्न विचारावा असं वाटतं: यातला वाटा ठरवताना कष्ट करणाऱ्याला बोलता येतं का?

असो. चार रुपये जास्त देऊन लिज्जतचं पाकीट घेतलं. घरी आईने पापड उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "पातळ लाटलाय हो!" पैसे कोणाला मिळाले, ते मग मी तिला सांगितलं.